सव्वा मूठ गहू

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते प्यालेले आहेत अशी माझी खात्रीच पटली होती. सकाळची साडेनऊची वेळ, अमळनेरची गल्ली, आणि समोरून एक साठीचा माणूस दोन पायांत हातभर अंतर ठेवून, भिंतीचा अंदाज घेत, डुलत येतोय. मी पर्स काखेत घट्ट दाबली आणि ओट्याच्या कडेला सरकले. तो माणूस माझ्यासमोरच थांबला आणि म्हणाला, "खोली देखाले उन्यात ना, बाई? चाला. घर मनंच शे."

माझी तेव्हा शाळेत नवीन नेमणूक झाली होती आणि खोली तातडीनं हवी होती. वरच्या मजल्यावरची खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं. खाली नानांच्या बायकोनं, अक्कांनी, चहा ठेवला. तो पोटात गेल्यावर नानांनी घरमालकाच्या अटी सांगायला सुरुवात केली. अट एकच निघाली.

"घरमा कोनी पेस का?"

"मी एकटीच राहणार आहे," मी म्हटलं. आयुष्यात उसाच्या रसापलीकडे माझी मजल गेलेली नव्हती.

"पेत व्हई ते एकदम सोडानी नही. आपले डाक्टरले इचारीसन सोडानी. कबूल?"

दारू पिऊ नका असं सांगणारे घरमालक मला ठाऊक होते. दारू सोडू नका असं सांगणारा हा पहिलाच. मी अक्कांकडे पाहिलं. त्या शांतपणे बशी पुसत होत्या, म्हणाल्या, "हो म्हना, बाई. नही तं खोली नही भेटाव." मी हो म्हटलं.

गल्लीत त्यांना 'उलटे महाराज' म्हणत. इतर महाराज दारू सोडायला लावतात, हे सोडणाऱ्याच्या मागे धावतात. गटारीच्या दिवशी सगळं गाव उद्यापासून श्रावण म्हणून शेवटचं यथेच्छ पिऊन घेतं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोजचे पिणारेही कानाला खडा लावतात. घराघरातल्या बायकांना हा महिना सणासारखा वाटतो. नानांचा मात्र त्या महिन्यात जीव थाऱ्यावर नसे. सकाळी उठून ते गल्ली-गल्ली फिरत. "कोन सोडी उना? कधीपाईन पेत व्हता? रोज का? सकाय उठीसन बी लागे का?" अधूनमधून घेणाऱ्याला ते सोडून देत. पण सकाळी उठल्या उठल्या ज्याला लागते असा माणूस सापडला, की नाना त्याच्या ओट्यावरच ठाण मांडत.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वर्तमानपत्राचा एक चौकोनी तुकडा कायम घडी घालून असायचा. समोरच्याला ते हात पुढे करायला लावत, बोटं ताणायला सांगत, आणि पंजावर तो कागद अलगद ठेवत. हात थोडासा जरी थरथरला, तरी कागद पानासारखा हलायचा. "देख," नाना म्हणत, "हात खोटं बोलस नही." ही परीक्षा त्यांनी न्हाव्याची घेतली, रिक्षावाल्याची घेतली, आणि एका लग्नात तर हळदीला बसलेल्या नवरदेवाची घेतली. नवरदेवाचा कागद जोरात हलला तेव्हा मांडवात कुजबुज झाली. तो बिचारा उपाशी होता एवढंच.

माझीही परीक्षा झाली. शाळेतून मी धुमसत आले होते. मुख्याध्यापकांनी भर सभेत माझा अपमान केला होता. जिन्यातच नानांनी कागद काढला. कागद फडफडला.

"नाना, हा राग आहे."

"राग बी हयूहयू उताराना बाई. एकदम नही," असं म्हणून त्यांनी अक्कांना चहा टाकायला सांगितलं. मला हसू आलं आणि राग गेला.

त्यांच्या उलट्या उपदेशाचा फायदा घेणारेही होतेच. पलीकडच्या गल्लीतली एक बाई एकदा खराटा घेऊन दारात उभी राहिली. "मना नवरा तुमनं नाव लीसन पेस! म्हनस, नानानी सांगेल शे, सोडू नको!" नानांनी खराटा हातातून काढून घेतला, कोपऱ्यात नीट उभा केला आणि विचारलं, "कोठे शे तो?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नाना त्या नवऱ्याला घेऊन धुळ्याला दवाखान्यात गेले. डुलणारा माणूस न डुलणाऱ्याला हाताला धरून नेतोय हे पाहून कंडक्टरनं नानांनाच खाली उतरवायला घेतलं होतं. नाना ही गोष्ट हसत हसत सांगायचे. अक्का मात्र हसत नसत.

नाना तेव्हा बरीच वर्षं न पिणारे होते. त्यांच्या चालीची हकीकत मला अक्कांनी सांगितली, शेंगा निवडता निवडता.

नाना तेलाच्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली तशी रोजची पाळी गेली आणि रोजची बाटली राहिली. नानांचे थोरले भाऊ, आबा, दोंडाईचाला शेती आणि दुकान सांभाळून होते. आबांनी जन्मात दारूला हात लावला नाही. खानदेशात कानबाई देवी बसते ती थोरल्याच्या घरी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी, सगळी भावकी जमते. त्याआधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. त्या गव्हाचे रोट होतात आणि ते फक्त घरच्यांनीच खायचे असतात, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नसतो. म्हणून ज्याच्या नावाची मूठ सुपात पडली तो घरचा. एका वर्षी नाना कानबाईसमोर पिऊन गेले आणि मांडलेल्या चौरंगावर आडवे झाले. कलश लवंडला. आबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपाईन तुनी मूठ बंद."

पुढचं वर्षभर नाना प्याले, पण सव्वा मूठ गहू त्यांच्या डोक्यातून जाईना. कानबाई जवळ आली तशी त्यांनी देव्हाऱ्यासमोर शपथ घेतली आणि एका फटक्यात दारू सोडली. भावाला दाखवायचं होतं. अक्कांनी आनंदानं शेजारणीला साखर वाटली. पहिल्या दिवशी घाम आणि उलट्या. दुसऱ्या दिवशी झोप नाही. तिसऱ्या दिवशी नाना भिंतीशी बोलू लागले. अंग थरथरत होतं, डोळे लाल, हातांनी हवेतलं काहीतरी वेचत होते. कानबाईचे दिवस होते. गल्लीतल्या बायांनी पाहिलं आणि हात जोडले. नानांच्या अंगात कानबाई आली होती!

"मी त्यासना पाय धुयात, बाई," अक्का म्हणाल्या. "धुईसन ते पानी बी पिदं. अन तथा त्यासनं डोकं आगसारखं जयी राह्यंतं."

लोक प्रश्न विचारायला आले. एकीनं विचारलं, मुलाला नोकरी कधी? नाना भिंतीकडे बघत ओरडले, "दीपनगर!" पुढे तो मुलगा खरंच दीपनगरच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामाला लागला. ती बाई अजून दरवर्षी नारळ घेऊन येते, आणि अक्का तो मुकाट्यानं चटणीला घेतात.

नाना स्वतः ही गोष्ट एका वाक्यात संपवायचे. "मी दीड दिवस देव व्हतू. मंग माले झटका उना."

झटक्यावर झटके आले तेव्हा कुठे त्यांना धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी अक्कांना समजावलं होतं, आणि नाना ते आपल्या भाषेत सगळ्यांना सांगत. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूचा ब्रेक लागलेला असतो. ब्रेक एकदम काढला की गाडी उतारावर सुटते. मग झटके येतात, भास होतात, माणूस दगावूही शकतो. तोच ब्रेक दवाखान्यात गोळ्यांनी हळूहळू काढतात, सोबत जीवनसत्त्वाच्या सुया देतात, आणि मग जीव न गमावता दारू सुटते. नानांचा जीव वाचला. पण उपाशीपोटी पिण्यानं अंगातलं जीवनसत्त्व आधीच संपलेलं, त्यात उशीर झालेला. तोल सांभाळणारा मेंदूचा भाग दुखावला तो कायमचाच. यकृतही पुरतं बरं झालं नाही. म्हणून मीठ बंद. नाना अळणी शेवभाजी खात आणि "मिरचीले मीठ लागतच नही" असं स्वतःलाच पटवत.

मधे एकदा ते पुन्हा घसरलेही होते. ते लपवत नसत. घसरल्यावर स्वतःच बस पकडून धुळ्याला गेले आणि डॉक्टरांच्या दारात बसून राहिले. पुढे महिनोन्‌महिने गोळ्या, समुपदेशन, आणि दारू सोडलेल्या माणसांच्या बैठका. त्या बैठकीला ते अजून जात.

दारू सुटली, पण झिंगल्याची चाल अंगाला चिकटली. बरे झाल्यावर ते एका लग्नात आबांसमोर गेले. आबांनी त्यांना मांडवातून येताना पाहिलं, आणि नाना पोचण्याआधीच पाठ फिरवली. "आजून पेस," एवढंच ते बाजूच्याला म्हणाले. ज्या गव्हासाठी नानांनी दारू सोडली, तो गहू त्यांना दारू सोडण्याच्या त्या पद्धतीमुळेच मिळेना. हे ऐकल्यापासून मला नानांच्या कागदाचं हसू येईनासं झालं. दरवर्षी कानबाईच्या रविवारी अक्का साधी खिचडी टाकत आणि नाना दिवसभर ओट्यावर बसून दोंडाईचाच्या दिशेला बघत.

अशाच एका रविवारी सकाळी अक्कांचा मोबाईल वाजला. आबांच्या घरून त्यांच्या जाऊबाई, म्हणजे नानांच्या वहिनी, बोलत होत्या. संबंध तुटले असले तरी या दोघी चोरून बोलायच्या. वहिनींचा आवाज इतका आनंदी होता की मला जिन्यातून ऐकू आला.

"अक्का, आमना पोऱ्यानी रोटना गहू मोजात तधयपाईन दारू सोडी दिन्ही! अन आज त्याना आंगमा कानबाई उनी!"

अक्कांच्या हातातली पळी खाली पडली. त्यांनी नुसतं नानांकडे पाहिलं. नानांनी फोन हिसकावला. "वहिनी, त्याले दवाखानामा ली जा! आते! आबाले दे फोन!" पलीकडे आबांचा आवाज आला, दोन शब्द झाले आणि फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही.

नाना चप्पल न घालता रस्त्यावर निघाले. अक्कांच्या गुडघ्यांनी साथ दिली नसती, म्हणून त्यांनी माझा हात धरला. "बाई, तुम्ही जा त्यासनासंगे. त्यासनं कोनी ऐकाव नही." शेजाऱ्याची गाडी ठरवली. पुतण्या त्यांनी खांद्यावर खेळवलेला, एकुलता एक, चाळिशीच्या आतला. वाटेत मीच रुग्णवाहिकेला फोन केला. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय ते त्याला गाडीत घालतील का, याची मला धास्ती होती.

आबांच्या घरासमोर मांडव, आंब्याची पानं, आतून गाण्यांचा आवाज. दारातून दिसत होतं. कानबाईच्या चौरंगाशेजारी पाटावर पुतण्या बसला होता. कपाळभर हळदीकुंकू, घामानं ओला सदरा, आणि हात हवेतलं काहीतरी वेचत होते. बाया रांगेनं पाया पडत होत्या.

नाना गाडीतून उतरले आणि डुलत मांडवात शिरले. आबा दारात आडवे उभे राहिले. उंच, पांढरी टोपी, ताठ माणूस.

"आज बी पीसन उना? कानबाईम्होरे?"

मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते. पण नानांनी जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. ते जागच्या जागी जमिनीवर बसले. आणि तिथून, दोन्ही हात जमिनीला टेकून, बसल्या बसल्या सरकत, आबांच्या पायाजवळून उंबरा ओलांडून आत गेले. चाललेच नाहीत, त्यामुळे डुललेही नाहीत. आबांना काय करावं कळेना. सरकत येणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी हाताला धरून हाकलत नाही. गाणं थांबलं.

नाना पुतण्यासमोर पोचले. खिशातून कागद काढून त्यांनी त्याच्या पंजावर ठेवला. कागद हलला नाही, उडूनच पडला.

"पोऱ्या," नाना अगदी हळू म्हणाले, "कोठे शेतीस मुंग्या?"

पुतण्यानं भिंतीकडे बोट केलं. डोळे भीतीनं फाटले होते. "काका, त्या देखा… अंगवर यी राह्यन्यात. काका, तुमले बी दिसतीस का?"

"माले बी दिसन्यात, भाऊ. मी बी देखेल शेत. घाबरू नको."

आणि मग वहिनी, ज्या इतका वेळ मुलाच्या पायाशी हात जोडून बसल्या होत्या, त्या सावकाश उठल्या.

"हाई कानबाई माय नही," त्या म्हणाल्या. "माय त्याले काका कशी म्हनी? हाऊ मना पोऱ्या शे. मना पोऱ्या भिई राह्यना." आणि आबांकडे वळून, बहुधा लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडल्या, "सरका बाजूले! उचला त्याले!"

तेवढ्यात रुग्णवाहिका आलीच. धुळ्याच्या वाटेवर पुतण्याला झटका आला. आतल्या डॉक्टरनं त्याला कुशीवर वळवलं, सुई दिली. नाना त्याचं डोकं धरून एकच बोलत राहिले, "उतार शे रे, उतार शे. संपी जाई." समोर बसून मी रडत होते आणि ते लपवायची मला गरजही वाटली नाही. दवाखान्यात शेवटचा घोट कधी घेतला, किती वर्षं पितो, सकाळी लागते का, सगळं नानांनीच निघताना वहिनींना विचारून घेतलं होतं, तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

घरी बसलेली कानबाई तशीच सोडता येत नाही. आबा सोमवारी नदीवर विसर्जन करूनच आले. पुतण्या झोपला होता, हाताला सलाईन. नाना खाटेशेजारी जमिनीवर भिंतीला टेकून घोरत होते. आबा बराच वेळ दोघांकडे पाहत राहिले. मग त्यांनी डॉक्टरांना दारापाशी गाठलं आणि नानांकडे बोट करून विचारलं, "डॉक्टरसाहेब, तो माझा भाऊ आहे. तो प्यालेला नाही तर असा का डुलतो?"

डॉक्टरांनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. मला शब्द ऐकू आले नाहीत. आबांनी टोपी काढून हातात घेतली, ते तेवढं दिसलं. नानांना उठवायला ते गेले नाहीत. खालून चहा घेऊन आले आणि नानांच्या जवळ ठेवला. नाना जागे होईपर्यंत तो गार झाला.

पुतण्याचं पुढं वर्षभर धुळ्याला जाणं-येणं चाललं. बरेचदा नाना सोबत असत. आबांकडून काही निरोप आला नाही. मी एकदा फणकारून म्हटलं, "काय माणूस आहे!" तर नाना म्हणाले, "बाई, इतला सालना राग शे. एकदम सोडा तं त्याले झटका यी."

पुढच्या श्रावणात, नागपंचमीच्या आधी, अक्कांचा मोबाईल वाजला. आबा स्वतः होते. "गहू मोजना शेत," म्हणाले. "त्याले लई ये." अक्कांनी मला बरोबर चला म्हटलं. माझी बदली जळगावला झाली होती, सामान बांधायचं होतं, तरी गेले.

आबा ओसरीवर सूप घेऊन बसले होते. शेजारी गव्हाचं पोतं. पुतण्या खांबाला टेकून उभा, अंगानं भरलेला. वर्षभरात त्यानं एकदाही घेतली नव्हती. नाना आले, डुलत, सगळ्यांसमोरून. कुणी काही म्हटलं नाही. ते आबांसमोर बसले.

आबांनी स्वतःच्या नावाची मूठ टाकली, वर पाव. मुलाच्या नावाची टाकली. नातवाची. मग पुन्हा पोत्यात हात घालून मूठ भरली आणि नानांचं लहानपणीचं नाव घेतलं. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

मूठ सुपावर आली आणि थांबली. आबांचा हात थरथरत होता. बोटांच्या फटींतून दाणे गळायला लागले.

नाना पुढे झुकले. त्यांची नजर त्या हातावर खिळली, आणि सवयीनं त्यांचा हात खिशात गेला. कागद बाहेर आला. "आबा," ते काळजीनं म्हणाले, "हात म्होरे कर."

"नाना!" वहिनी म्हणाल्या. "तुमना भाऊनी जनममा कधी पिदी नही!"

"मंग हालस कसाले?"

आबांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. नानांनी एकदा त्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा हाताकडे. मग कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला, आणि दाणे जमिनीवर सांडू नयेत म्हणून भावाच्या मुठीखाली आपली ओंजळ धरली.

आबांनी मूठ सोडली. नानांनी ओंजळीतले गहू सुपात ओतले आणि हात मागे घ्यायला लागले.

"हात काढू नको," आबा म्हणाले. "वरनी पाव बाकी शे."